ब्लार्नीचा दगड: मुका नंतरचा, माणसं आधीची

आयर्लंडमधल्या कॉर्कमधे आमच्याकडे भारतातून कोणीही आलं की पहिल्या वीकेंडला ब्लार्नी कॅसल ठरलेलं. शहरापासून जेमतेम ८ किलोमीटर, बसने आरामात जाता येतं, हिरवळ आहे, नदी आहे, आणि वर तो जगप्रसिद्ध दगड आहे. वर चढायचं, पाठीवर झोपायचं, दोन्ही हातांनी लोखंडी दांडे घट्ट धरायचे, डोकं मागे कठड्याच्या बाहेर सोडायचं आणि उलट्या डोक्याने खालच्या दगडाला ओठ लावायचे, की म्हणे जन्मभर जिभेवर सरस्वती. इकडे त्याला गिफ्ट ऑफ द गॅब म्हणतात. आई आली होती तेव्हा लाइनमधे उभं असताना तिने सरळ विचारलं, "अगं पण हे कधीपासून चालू आहे? पहिला मुका कोणी घेतला?" आणि मी इतक्या वेळा तिथे जाऊनसुद्धा माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग घरी येऊन वाचायला लागले आणि वाचत गेले तसं लक्षात आलं की ही प्रथा किल्ल्याइतकी जुनी नाहीच, किल्ला ज्यांनी बांधला ती माणसं तिथून हाकलली गेली त्यानंतरच ती कागदावर दिसायला लागते. सगळं मांडते.

ब्लार्नी हे नाव आयरिश भाषेतल्या 'अन व्लार्ना'वरून आलं, त्याचा अर्थ छोटं शेत असा सांगतात. हा सगळा भाग मंस्टर प्रांतातला आणि इथलं मोठं घराणं म्हणजे मॅकार्थी. हे कोणी छोटे जमीनदार नव्हते, डेस्मंडचे, म्हणजे मंस्टरच्या दक्षिण भागाचे राजे होते. टिपरेरीत कॅशेलच्या खडकावर जे सुंदर कॉर्मॅकचं चॅपल आहे, ११३४ मधलं, ते याच घराण्यातल्या राजाने बांधलेलं. ११६९ नंतर नॉर्मन आयर्लंडमधे घुसले, ११७१ मधे इंग्लंडचा राजा दुसरा हेन्री स्वतः आला तेव्हा डर्मॉट मॅकार्थीने त्याच्यापुढे मान झुकवली, आणि तिथून पुढची चारेकशे वर्षं हे घराणं कधी लढून कधी बोलून जमीन टिकवत राहिलं. त्यातली मस्करी नावाच्या मुलखाची जी शाखा, ती ब्लार्नीची.

आधी तिथे लाकडी वास्तू होती, मग १२१० च्या सुमाराला दगडी झाली असं सांगितलं जातं, पण आज आपण बघतो तो बुरूज कॉर्मॅक लॉदिर मॅकार्थीचा. लॉदिर म्हणजे बलवान. साल सगळीकडे १४४६ दिलं जातं. याच माणसाने १४६५ मधे किलक्रे इथे फ्रान्सिस्कन साधूंचा मठ उभारला आणि शेवटी त्याला पुरलं तेही तिथेच. त्या मठाचे अवशेष अजून आहेत, गर्दी अजिबात नसते, ब्लार्नीला जाणाऱ्यांनी तिकडेही जावं असं मला मनापासून वाटतं.

आता दगडाबद्दल बोलायच्या आधी तो बसवलाय कुठे ते बघा, कारण सगळी मेख तिथेच आहे. बुरुजाच्या अगदी माथ्यावर भिंतीच्या बाहेर थोडा पुढे काढलेला कठडा आहे, खालून दगडी ब्रॅकेटांनी तोललेला, आणि कठडा आणि मूळ भिंत यांच्या मधे मोकळी फट सोडलेली आहे. शत्रू भिंतीच्या पायथ्याला येऊन भिडला की वरून या फटीतून त्याच्या डोक्यावर दगडधोंडे, उकळतं पाणी वगैरे ओतायचं. आपल्याकडच्या किल्ल्यांवरच्या जंग्या आठवा, तटातल्या तिरक्या भोकांतून खाली मारा करता यावा म्हणून ठेवलेल्या, हेतू तोच, फक्त इथे भोकाच्या जागी सलग फट आहे. ब्लार्नीचा दगड म्हणजे याच कठड्याचा एक चिरा, जमिनीपासून साधारण ८५ फुटांवर. म्हणूनच मुका घेताना डोकं फटीच्या वर लोंबकळतं आणि खाली थेट हिरवळ दिसते. म्हणजे देवळातल्यासारखी मुद्दाम नेमून दिलेली जागा नाही ही, लढाईच्या कामाचा दगड आहे.

मॅकार्थींना बोलण्याची कीर्ती चिकटली ती पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळात. इंग्रजांचं धोरण असं होतं की आयरिश सरदारांनी आपली पिढीजात जमीन राणीच्या चरणी सोडायची आणि राणीकडून नव्या सनदेने परत घ्यायची, म्हणजे जमीन तीच पण मालकी आता राणीच्या मर्जीवर. मंस्टरचा कारभारी होता सर जॉर्ज केऱ्यू. गोष्ट अशी सांगतात की ब्लार्नीच्या सरदाराकडे किल्ला मागायला माणसं गेली की प्रत्येक वेळी मेजवानी, गोड बोलणी, लांबलचक नम्र पत्रं, आज उद्या परवा, आणि किल्ला काही मिळत नाही, शेवटी राणी वैतागून म्हणाली की हे सगळं ब्लार्नी आहे, हा बोलतो ते त्याच्या मनात कधीच नसतं. तिथून ब्लार्नी हा शब्द इंग्रजीत आला, अर्थ तोंडभर गोड बोलून गुंगवणं.

राणी नक्की असं बोलली याला त्या काळातला पुरावा नाही, ती लोककथाच धरायची. आणि पर्यटकांच्या माहितीत या सरदाराचं नाव बरेचदा कॉर्मॅक मॅक टीग असं देतात, तेही जुळत नाही, कारण तो १५८३ मधे वारला आणि केऱ्यू मंस्टरला आला १६०० मधे. केऱ्यूशी गाठ पडली ती पुढच्या कॉर्मॅकची, कॉर्मॅक मॅक डर्मॉटची. पण गोष्टीच्या मागचा ताण मात्र शंभर टक्के खरा आहे. इंग्रजांविरुद्धची किन्सेलची लढाई आयरिश बाजू हरली होती, आणि १६०२ मधे केऱ्यूला ब्लार्नी हवंच होतं. त्या मोहिमेची जी इंग्रज बाजूची हकिकत १६३३ मधे छापली गेली तिच्यात या किल्ल्याचं वर्णन आहे की चार बुरूज एकत्र जोडल्यासारखा, अख्ख्या खडकावर बसलेला त्यामुळे सुरुंग लावता येत नाही, आणि भिंती १८ फूट जाड. म्हणून मग युक्ती केली, सर चार्ल्स विल्मॉट नावाच्या अधिकाऱ्याने शिकारीला निघाल्याचं सोंग करून किल्ल्याच्या दारात जायचं, प्यायला काहीतरी मागायचं आणि आत शिरायचं. पहारेकऱ्यांनी त्याला आत घेतलंच नाही! कॉर्मॅकला मात्र कॉर्कमधे कैदेत टाकलं, तो तिथून निसटला, परत वाटाघाटी, परत माफी, आणि जमीन त्याच्याकडेच राहिली. १६०३ मधे राणी गेली. मला हे वाचताना सारखं वाटत होतं की ज्याला आज सगळे हसून ब्लार्नी म्हणतात ते त्या माणसाचं जीव आणि घर वाचवायचं एकमेव हत्यार होतं, आणि त्याला थापेबाजी हे नाव समोरच्या बाजूने दिलं.

आणि बोलण्याचं वरदान म्हणाल तर ते ब्लार्नीला खरोखर होतं, दगडाशिवाय. मॅकार्थी आयरिश कवींचे आश्रयदाते होते, ब्लार्नीत कवींची सभा भरायची, छंद, वंशावळी, स्तुती, विलाप सगळं आयरिशमधून. हे मला अख्ख्या विषयातलं सगळ्यात मोलाचं वाटतं आणि याच्याबद्दल तिथे जाणाऱ्या दहातल्या नऊ जणांना काही माहीत नसतं. मस्करीतली ही कवींची सभा १९२५ मधे पुन्हा सुरू केली गेली, कूल ई गावाच्या बाजूला, जिथे आयरिश अजून बोलतात.

पुढची कहाणी वाईट आहे. १६४६ मधे, राजा आणि पार्लमेंट यांच्यातल्या यादवीत, पार्लमेंटच्या बाजूच्या लॉर्ड ब्रॉगहिलने तोफा लावून किल्ला घेतला. चार्ल्स दुसरा गादीवर आल्यावर तो मॅकार्थींना परत मिळाला, ते तोवर क्लॅनकार्टीचे अर्ल झाले होते. पण चौथा अर्ल डोनो गादीवरून हटवलेल्या दुसऱ्या जेम्स राजाच्या बाजूने उभा राहिला, १६९० मधे इंग्रज सेनापती मार्लबरोने कॉर्क घेतलं तेव्हा पकडला गेला, लंडनच्या टॉवरमधे ठेवला, १६९४ मधे तिथून पळाला, आणि १७३४ मधे परमुलखात हॅम्बर्गजवळ वारला. जमीन जप्त. १७०२ च्या सुमाराला ती हॉलो सोर्ड ब्लेड्स नावाच्या लंडनच्या कंपनीला विकली गेली, नाव तलवारीच्या पात्यांचं पण धंदा जप्त जमिनींचा, आणि लगेच पुढे कॉर्कचा गव्हर्नर सर जेम्स जेफ्रीज याने किल्ला घेतला. मॅकार्थींनी जाताना सोन्याचांदीची भांडी शेजारच्या तळ्यात टाकली अशी गोष्ट गावात सांगतात. जेफ्रीज लोकांनी बुरुजाला चिकटून मोठं घर बांधलं, ते १८२० मधे जळलं, बाग केली, गाव वसवलं, आणि लग्नसंबंधातून इस्टेट कोलथर्स्ट घराण्याकडे गेली, आजही त्यांच्याकडेच आहे. १८७४ मधलं त्यांचं घर तिथून थोडंसं पलीकडे आहे.

आता आईच्या प्रश्नावर येते. मला भेटलेला सगळ्यात जुना ठोस उल्लेख १७८५ चा, फ्रान्सिस ग्रोसच्या रस्त्यावरच्या इंग्रजीच्या कोशातला, आणि तो फार बोलका आहे. त्याने लिहिलंय की एखाद्याने ब्लार्नीचा दगड चाटलाय असं म्हणतात म्हणजे तो अचाट गोष्टी सांगतो, आणि दगड किल्ल्याच्या माथ्यावर तिकोनी आहे, तिथे पोचणं महाकठीण, त्यामुळे पोचला तो धाडसी आणि चपळ, आणि पुष्कळ जण न जाताच गेल्याच्या बढाया मारतात. बघा, यात वाणीचं वरदान कुठेच नाही! इथे प्रश्न आहे तो वर जायच्या हिमतीचा. १८२५ मधे कादंबरीकार सर वॉल्टर स्कॉट येऊन मुका घेऊन गेला म्हणजे तोवर पाहुण्यांची रीत पडली होती. आणि १८३० च्या दशकात कॉर्कचाच फ्रान्सिस माहोनी, जो फादर प्राऊट या नावाने लिहायचा, त्याने ब्लार्नीवरच्या आधीच्या एका लोकप्रिय गाण्याला काही ओळी जोडल्या की इथला दगड जो चुंबील तो हमखास वक्ता होईल. त्या ओळी सगळीकडे पोचल्या आणि मग प्रथा जी पक्की झाली ती झालीच.

मूळ कुठलं ते सांगणाऱ्या कथा अनेक आहेत. एकीत कॉर्मॅक लॉदिर कोर्टकचेरीत अडकलेला असतो, क्लीना नावाची परी त्याला सांगते की सकाळी वाटेत दिसेल त्या पहिल्या दगडाचा मुका घे, तो घेतो, कोर्टात असा बोलतो की खटला जिंकतो, आणि तो दगड बुरुजात बसवतो. दुसरीत स्कॉटलंडचा राजा रॉबर्ट ब्रूसने १३१४ च्या बॅनकबर्नच्या लढाईतल्या मदतीबद्दल स्कॉटलंडच्या राज्याभिषेकाच्या शिळेचा तुकडा मॅकार्थींना दिला. दगड इंग्लंडमधल्या स्टोनहेंजहून आला असंही म्हणतात. यातल्या परदेशी मुळाच्या कथांचा निकाल २०१४ मधे लागला, ग्लासगो विद्यापीठाच्या संग्रहात एकोणिसाव्या शतकातल्या मॅथ्यू हेडल या प्राध्यापकाने बनवलेली, या दगडाचा पातळ काप लावलेली काचपट्टी होती, ती मायक्रोस्कोपखाली बघितल्यावर त्यात चुनखडी, कॅल्साइट आणि समुद्री जिवांचे जीवाश्म दिसले, साधारण ३३ कोटी वर्षांपूर्वीचे. म्हणजे दगड इथलाच, कॉर्कच्या मातीतला. मला तर हे ऐकून खूप बरं वाटलं.

गर्दी आणली ती रेल्वेने. १८८७ मधे कॉर्कहून ब्लार्नीला मस्करी लाइट रेल्वे सुरू झाली, लोक तिला ट्रामच म्हणायचे, १९३४ च्या शेवटी बंद पडली तोवर ब्लार्नी जगाच्या यादीत गेलं होतं. सुरुवातीला मुका घ्यायचा म्हणजे माणसाचे घोटे धरून त्याला कठड्यावरून बाहेर उलटं सोडायचे. आता खाली आडवे गज आहेत, धरायला दांडे आहेत, गादी आहे, आणि कमरेला धरणारा माणूस बसलेला असतो. २०२० च्या मार्चमधे कोविडमुळे तेही थांबवलं होतं.

आईने मुका घेतला नाही, गुडघ्यांमुळे. सव्वाशेच्या वर पायऱ्या, त्याही गोल आणि अरुंद, हाताने दोर धरत धरत वर आली हेच खूप. ती वाकून नुसता दगडाला हात लावून आली, म्हणाली गार आहे आणि गुळगुळीत झालाय. उतरताना मधल्या मजल्याच्या दाराशी थांबली. मजल्यांची लाकडं केव्हाच गेलीत त्यामुळे आत बघितलं की बुरूज पोकळ दिसतो आणि समोरच्या भिंतीत अधांतरी एक दगडी शेकोटी, खाली जमीन नसलेली. "इथे कोणीतरी बसत असणार ना गं," ती म्हणाली. मागून लोक येत होते, जिना एकच, त्यामुळे जास्त वेळ थांबता आलं नाही.