अंकल टॉम लाचार नव्हता

‘अंकल टॉम’ म्हणजे गोऱ्यांपुढे लाळघोटेपणा करणारा, आपल्याच लोकांशी फितुरी करणारा काळा माणूस, असा समज अमेरिकेत पिढ्यान्‌पिढ्या रूढ आहे. ते नाव तिथे शिवीसारखं वापरलं जातं. मूळ कादंबरी वाचली की हा समज टिकत नाही.

हॅरिएट बीचर स्टोव यांच्या १८५२च्या ‘अंकल टॉम्स केबिन’मधला टॉम रुंद छातीचा, धट्टाकट्टा, लहान मुलांचा बाप आहे. मालकाच्या कर्जापायी तो विकला जातो आणि शेवटी लेग्री या क्रूर मळेवाल्याच्या हाती पडतो. एका गुलाम बाईला चाबकाने फोडून काढ, असं लेग्री फर्मावतो. टॉम साफ नकार देतो आणि मार खातो. पुढे कॅसी आणि एमेलिन या लेग्रीच्या दोन गुलाम बायका पळून जाण्यासाठी लपून बसतात. कुठे, हे टॉमला ठाऊक असतं. तो तोंड उघडत नाही, म्हणूनच त्याला मरेस्तोवर मारलं जातं. याला लाचारी म्हणायचं?

हा समज पसरवला मुख्यतः रंगभूमीने. तोंडाला काळं फासलेल्या गोऱ्या नटांनी त्याला हांजी हांजी करणारा म्हातारा करून टाकलं. कादंबरीतही वर्णभेदी साचे आहेत, टॉमची सहनशीलता अनेक कृष्णवर्णीय लेखकांना खटकली, आणि ती टीका मला रास्त वाटते. पण फितुरीचा आरोप धडधडीत खोटा आहे. त्या दोघी निसटतात, त्याने तोंड उघडलं नाही म्हणून.