ऑप्शन आक्रमण (व्यावसायिक अमेरिकन फुटबॉल)

ऑप्शन ही अमेरिकन फुटबॉलमध्ये पळत चेंडू पुढे नेण्याची एक पद्धत आहे. चेंडू कोणी घेऊन पळायचे हे यात आधी ठरलेले नसते. समोरच्या बचावफळीतील एका खेळाडूला, बहुधा कडेच्या डिफेन्सिव्ह एंडला, मुद्दाम न अडवता मोकळे सोडतात आणि क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमण चालवणारा आणि पास टाकणारा खेळाडू, त्याच्यावर नजर ठेवतो. तो बचावपटू रनिंग बॅकवर, म्हणजे चेंडू घेऊन पळणाऱ्या खेळाडूवर, झेपावला, की क्वार्टरबॅक चेंडू स्वतःकडे ठेवून त्याने सोडलेल्या जागेतून पळतो. तो जागीच थांबला, तर चेंडू रनिंग बॅकच्या पोटाशी सोपवला जातो. ट्रिपल ऑप्शनमध्ये बाजूने पळणाऱ्या सहकाऱ्याकडे चेंडू टाकण्याचा तिसरा मार्गही असतो. एरवी चेंडू सोपवून क्वार्टरबॅक मोकळा होतो आणि अकरा बचावपटूंशी दहाच जण झुंजतात. ऑप्शनमध्ये ही उणीव भरून निघते.

टेक्सास विद्यापीठाने १९६८ मध्ये विशबोन ही क्वार्टरबॅकमागे तीन बॅक उभे करण्याची रचना आणल्यावर कॉलेज फुटबॉलमध्ये ऑप्शनचा मोठा बोलबाला झाला. एनएफएल या व्यावसायिक लीगने मात्र तिला बराच काळ दूर ठेवले. बचावपटू फार वेगवान असतात, हे त्याचे नेहमी दिले जाणारे कारण. मैदानाच्या आखणीचा मुद्दा त्यामानाने कमी बोलला जातो. डाव (चेंडू एकदा खेळात आल्यापासून थांबेपर्यंतचा खेळ) सुरू करण्याची जागा ठरवणाऱ्या खुणांच्या दोन रांगांत कॉलेजच्या मैदानावर ४० फूट अंतर असते, तर एनएफएलमध्ये फक्त १८ फूट ६ इंच. त्यामुळे व्यावसायिक सामन्यात चेंडू कायम मध्याजवळ असतो आणि बाहेरून पळण्यासाठी एका बाजूला मोठी मोकळी जागा मिळत नाही.

खरी अडचण क्वार्टरबॅकच्या शरीराची आहे. एनएफएलमध्ये चांगला क्वार्टरबॅक मिळणे दुर्मीळ, आणि संघाच्या वेतनमर्यादेतला मोठा वाटा त्याच्यावरच खर्च होतो. अशा खेळाडूला प्रत्येक डावात टक्कर घ्यायला लावणे कोणत्याही प्रशिक्षकाला परवडत नाही. वॉशिंग्टनच्या रॉबर्ट ग्रिफिन तिसरा याचे उदाहरण यासाठी हमखास दिले जाते. २०१२ च्या पदार्पणाच्या मोसमात तो ८१५ यार्ड पळाला आणि जानेवारी २०१३ मध्ये सिॲटलविरुद्ध त्याचा गुडघा गेला. पण हे उदाहरण अर्धेच सांगितले जाते. डिसेंबरमध्ये त्या गुडघ्याला मार बसला तो पास टाकण्याच्या डावात पळ काढताना, आणि सिॲटलविरुद्ध गुडघा वळला तो जमिनीलगत आलेला चेंडू उचलताना. दोष सगळा ऑप्शनच्या माथी मारणे योग्य नाही.

त्याच जानेवारीत सॅन फ्रान्सिस्कोचा कॉलिन केपरनिक ग्रीन बेविरुद्ध १८१ यार्ड पळाला. एका सामन्यातील क्वार्टरबॅकचा तो विक्रम होता, आणि ग्रीन बेचा बचाव मोकळ्या सोडलेल्या कडेच्या खेळाडूपाशीच वारंवार फसत होता. पुढच्या मोसमात संघांनी उतारा शोधला: डिफेन्सिव्ह एंडने आत रनिंग बॅकवर जायचे आणि लाइनबॅकरने, म्हणजे त्याच्या मागे उभ्या बचावपटूने, वळसा घालून क्वार्टरबॅकला गाठायचे. काहींना वाटले, ऑप्शन संपले. तसे झाले नाही.

२०१९ मध्ये बाल्टिमोर रेव्हन्सने क्वार्टरबॅक लमार जॅक्सनभोवती सगळे आक्रमण बांधले. आक्रमणाचे सूत्रधार ग्रेग रोमन; केपरनिकच्या वेळी सॅन फ्रान्सिस्कोत तेच होते. संघ ३,२९६ यार्ड पळाला आणि न्यू इंग्लंडचा १९७८ चा ३,१६५ यार्डांचा विक्रम मोडला. एकटा जॅक्सन १,२०६ यार्ड पळाला, आणि सर्वोत्तम खेळाडूचा किताब त्याला एकमताने मिळाला. प्लेऑफमध्ये (बाद फेरीत) मात्र टेनेसीने सुरुवातीलाच आघाडी घेतली. मागे पडलेल्या रेव्हन्सना वेळ वाचवण्यासाठी पासकडे वळावे लागले. जॅक्सनने ५९ पास टाकले आणि संघ १२–२८ असा हरला. २०२२ मध्ये शिकागो बेअर्सचे उदाहरण याहून बोलके ठरले. ३,०१४ यार्ड पळून लीगमध्ये अव्वल, पण १७ पैकी १४ सामन्यांत पराभव, कारण पासिंग कमकुवत होते.

म्हणजे कॉलेजसारखे निव्वळ ऑप्शन एनएफएलमध्ये चालत नाही; दमदार पासिंगच्या जोडीने ते उत्तम चालते. आज बहुतेक संघ मोजक्या डावांत ते वापरतात, कारण क्वार्टरबॅक पळू शकतो एवढ्या शक्यतेनेही कडेचा बचावपटू क्षणभर थबकतो. फिलाडेल्फिया ईगल्समध्ये क्वार्टरबॅक जेलेन हर्ट्सचा हा धाक रनिंग बॅक सेक्वॉन बार्कलीच्या कामी आला. २०२४ च्या मोसमात बार्कली २,००५ यार्ड पळाला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ईगल्सने कॅन्सस सिटीला ४०–२२ असे हरवून सुपर बोल हा लीगचा अंतिम सामना जिंकला.