द्राक्षाला इंजेक्शन कोण देतं?

‘ही द्राक्षं इंजेक्शन देऊन फुगवलेली असतात, मुलींना देऊ नका, त्या लवकर वयात येतात,’ असं परवा नाशिकच्या भाजीबाजारात एक आजी नातीच्या आईला सांगत होत्या. दर हंगामात हे ऐकू येतं. इतके घड, प्रत्येकात शेकडो मणी. सुई टोचत कोण बसणार?

दिंडोरी-निफाडकडच्या बागेत खरं काय चालतं ते पाहा. मणी ज्वारीएवढे झाले की मजूर बायका मगातल्या पाण्यात एकेक घड बुडवतात आणि हलकेच झटकतात. त्या पाण्यात जीए असतं, म्हणजे जिबरेलिक ॲसिड. त्याआधी, फुलोऱ्यापूर्वी घड पोपटी असतानाच्या फवारणीला तर 100 लिटरला 1 ग्रॅम पुरतं.

जीए हे जिबरेलिन नावाच्या वाढ-संप्रेरकांपैकी एक. जिबरेलिन वेलीला परकं नाही. फळातलं बीजच ते बनवतं. थॉमसन या बिनबियांच्या जातीच्या मण्यात बीजाची वाढ सुरुवातीलाच थांबते, त्यामुळे घरचा पुरवठा आटतो आणि मणी बारीक राहतो. जीए ती उणीव भरून काढतं.

ते काम कसं करतं, हे मला फार सुंदर वाटतं. पेशीच्या केंद्रकात डेला नावाची प्रथिनं वाढीची जनुकं दाबून बसलेली असतात. जिबरेलिन जीआयडी1 या ग्राहक प्रथिनाच्या खोबणीत शिरलं की वरचं झाकण मिटतं, आणि मिटलेल्या झाकणाला डेला येऊन चिकटतं. मग त्या डेलावर युबिक्विटिन या छोट्या प्रथिनाची ‘हे मोडा’ अशी खूण लागते आणि प्रोटिओसोम, म्हणजे पेशीतलं प्रथिनं मोडणारं यंत्र, त्याचे तुकडे करतो. दाब गेला, की पेशीभित्ती सैलावते, पाणी आत येतं, पेशी ताणली जाते. हरितक्रांतीच्या बुटक्या गव्हात डेलाचा हा चिकटणारा भागच बिघडलेला आहे. जिबरेलिन असूनही डेला मोडत नाही, म्हणून गव्हाचं ताट आखूड राहतं आणि ओंबीच्या भाराने लोळत नाही.

माणसाच्या पेशीत जीआयडी1 नाही आणि डेलाही नाही. जीएमुळे मुली लवकर वयात येतात, या भीतीला आधार नाही. कीटकनाशकांच्या अंशांचा प्रश्न वेगळा, आणि तो जरूर विचारावा.

शेतकऱ्यांनाही एक सांगायचंय. घटक न छापलेली ‘फुगवणीची टॉनिकं’ घेऊ नका. जीए जास्त झालं तर देठ ताठर होऊन मणी गळतात. शिवाय एप्रिल छाटणीनंतर वेलीच्या डोळ्यात, म्हणजे कळीत, पुढचा घड घडत असतो, तेव्हा जिबरेलिन वाढलं तर घडाची बाळी, म्हणजे आधाराला गुंडाळणारा नुसता तंतू होतो. त्या दिवसांत सीसीसी (क्लोरमेक्वाट क्लोराइड हे वाढरोधक) मारतात ते याचसाठी: ते वेलीतलं जिबरेलिन तयार होणंच रोखतं.