लघवीची नळी : घातली आणि विसरली

आजोबांना पलंगावरून चाकाच्या खुर्चीत बसवायचं असतं. एक जण बगलेत हात घालून उचलतो, दुसरी पाय धरते. युरिन बॅग धरायला तिसरं कोणी नसतं, म्हणून ती आजोबांच्याच पोटावर ठेवली जाते. अर्ध्या मिनिटाचं काम. पण तेवढ्यात पिशवी मूत्राशयापेक्षा वर गेलेली असते आणि नळीत साचलेली लघवी उलटी आत शिरते. पिशवीच्या तोंडाशी झडप असली, तरी नळीत उरलेल्या लघवीला ती अडवू शकत नाही.

ही नळी म्हणजे कॅथेटर. फ्रेडरिक फोली या अमेरिकी मूत्ररोगतज्ज्ञाने १९३०च्या दशकात तिला आजचं रूप दिलं. टोकाजवळचा फुगा पाण्याने फुगवला, की नळी मूत्राशयातून निसटत नाही. सोय मोठी झाली, पण शरीराचं एक संरक्षण गेलं. एरवी लघवी जोरात वाहते आणि मूत्रमार्गात शिरू पाहणाऱ्या जंतूंना धुऊन काढते. नळी असली की लघवी नुसती ठिबकत राहते, आणि फुग्याच्या अवतीभवती थोडी लघवी कायम साचलेली राहते. नळी घातलेल्या रुग्णांपैकी रोज साधारण ३ ते ७ टक्क्यांच्या लघवीत नव्याने जंतू दिसू लागतात. महिना उलटला, की जवळपास सगळ्यांच्याच.

हे जंतू सुटे तरंगत नाहीत. नळीला आतून चिकटून ते स्वतःभोवती बुळबुळीत थर तयार करतात. सकाळी दात घासण्याआधी जिभेला जो थर लागतो, त्याच जातीचा. त्यात दडलेल्या जंतूंवर अँटिबायोटिकची मात्रा नीट चालत नाही. त्यांच्यात प्रोटियस नावाचा जंतू असला, तर तो लघवीतल्या युरियापासून अमोनिया बनवतो. लघवी अल्कधर्मी होते, तिच्यातली मॅग्नेशियम-कॅल्शियमची फॉस्फेटं स्फटिक होऊन बसतात आणि नळी आतून चुन्यासारखी भरत जाते. मग लघवी नळीच्या बाजूने झिरपते, चादर भिजते. ‘पुन्हा ओलं केलं’ म्हणत वर डायपर बांधला जातो. खरं तर नळी तुंबलेली असते आणि आतला दाब मूत्रपिंडापर्यंत पोचत असतो.

अमेरिकेत नर्सिंग होम म्हणजे परावलंबी वृद्धांची दीर्घकाळ शुश्रूषा करणारं निवासी केंद्र. आपल्याकडच्यासारखं छोटं खासगी रुग्णालय नव्हे. तिथल्या दुर्लक्षाच्या तक्रारी इतक्या साचल्या, की १९८७ मध्ये या केंद्रांसाठी केंद्रीय कायदा करावा लागला. वैद्यकीय गरज असल्याशिवाय कॅथेटर घालू नये, असा स्पष्ट नियम तिथे आहे. तरीही नळी विसरली जाते. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी पाहणीत, रुग्णालयातल्या डॉक्टरांना आपल्या रुग्णाला कॅथेटर आहे हे २८ टक्के वेळा माहीतच नव्हतं. डॉक्टर जितके वरिष्ठ, तितकं अज्ञान जास्त. मला हा आकडा फार अस्वस्थ करतो.

उलट बाजूही तिथलीच आहे. ३८ राज्यांतल्या ४०४ नर्सिंग होममध्ये कर्मचाऱ्यांना हात धुण्यापासून नळी हाताळण्यापर्यंत पद्धतशीर शिकवलं गेलं. नळीची गरज पुन्हा पुन्हा तपासायची सवय लावली गेली. दर हजार कॅथेटर-दिवसांमागे (एका रुग्णाला एक दिवस नळी, म्हणजे एक कॅथेटर-दिवस) संसर्ग ६.७८ वरून २.६३ वर आले. २०१७ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. लघवी कल्चरला, म्हणजे जंतूंच्या तपासणीला पाठवण्याचं प्रमाणही घटलं होतं, त्यामुळे थोडा फरक तिथूनही आला असेल. पण कॅथेटर असलेल्यांचं प्रमाण जवळपास तेवढंच राहिलं होतं, म्हणजे नळ्या तेवढ्याच होत्या, काळजी बदलली होती. नवं औषध एकही नाही.

आपल्याकडे असे रुग्ण बहुधा घरी किंवा वृद्धाश्रमात असतात आणि नळी सेवेकरी पुरवणाऱ्या ब्युरोच्या मावशींच्या किंवा मामांच्या हाती असते. त्यांना दोष देण्याआधी, त्यांना कोणी शिकवलं का, हे विचारायला हवं. पिशवी कायम मूत्राशयाच्या खाली, पण जमिनीला न टेकता. दोन तृतीयांश भरण्याआधी रिकामी. नळी मांडीला चिकटपट्टीने बांधलेली, नाहीतर ओढ बसून मूत्रमार्ग चिरत जातो. पुरुषांमध्ये शिश्नाचं टोक खालून फाटल्याची उदाहरणं आहेत. नळी आणि पिशवीचा सांधा उगाच उघडायचा नाही. लघवी नुसती गढूळ दिसली, म्हणून अँटिबायोटिक नको. ताप, थंडी, पोटात दुखणं असेल तर मात्र थांबायचं नाही.

आणि स्मृतिभ्रंश झालेल्या आजी सारखी नळी ओढत असतील, तर त्यांचे हात बांधायची घाई करू नये. आधी नळी कुठे पिळली किंवा अंगाखाली दबली आहे का ते पाहावं, मग ओटीपोटावर हलकेच हात ठेवावा. लघवी तुंबली असेल, तर तिथे टणक फुगवटा लागतो. त्यांना बोलून सांगता येत नाही, म्हणून त्या नळी ओढत असतात.