खडबडीत टायटॅनियम आणि थर चढवलेलं टायटॅनियम

टायटॅनियमचा दाताचा स्क्रू, म्हणजे जबड्याच्या हाडात बसवतात तो इम्प्लांट, मुद्दाम खडबडीत केलेला असतो. पाव ते अर्धा मिलिमीटरचे कोरंडमचे (अत्यंत कठीण खनिजाचे) कण त्यावर जोरात मारतात, याला ब्लास्टिंग म्हणतात; मग तो हायड्रोक्लोरिक आणि सल्फ्युरिक आम्लाच्या गरम मिश्रणात बुडवतात. ब्लास्टिंग आणि आम्ल मिळून होणारी ही प्रक्रिया म्हणजेच एसएलए. गुळगुळीत धातूपेक्षा अशा पृष्ठभागावर हाड लवकर आणि घट्ट धरतं.

मला खटकतं ते पुढचं. माहितीपत्रकांत आणि व्हिडिओंत याच स्क्रूला सर्रास ‘कोटिंगवाला’ म्हणतात. मग पेशंट घाबरून विचारतो, कोटिंग निघालं तर? अहो, निघायला तिथे काही चढवलेलंच नाही! ब्लास्टिंग आणि आम्ल दोन्ही धातू खरवडून काढतात. उरतं ते टायटॅनियमच, वर काही नॅनोमीटरचा ऑक्साइड, जो या धातूवर हवेत आपोआप येतो.

हायड्रॉक्सिअ‍ॅपेटाइटचं मात्र खरंखुरं कोटिंग असतं. हाडातल्या खनिजाशी जवळीक असलेल्या या कॅल्शियम फॉस्फेटची पूड प्लाझ्माच्या, म्हणजे विद्युतभारित वायूच्या, प्रचंड तापलेल्या झोतात सोडतात. अर्धवट वितळलेले कण धातूवर आदळून थिजतात आणि साधारण ५० ते १५० मायक्रॉनचा थर बसतो. लंडनचे सर्जन रोनाल्ड फर्लाँग यांनी १९८५ मध्ये असा थर दिलेला, हाडात चिकटवायच्या सिमेंटशिवाय बसणारा कृत्रिम खुबा वापरायला सुरुवात केली.

गोंधळाचं मूळ बहुधा इथे आहे: या थराआधीही धातूवर ब्लास्टिंग करतातच. गिलावा धरावा म्हणून गवंडी काँक्रीटला टाचे मारतो, तसंच. एसएलएमध्ये टाचे मारले की काम संपलं, हाड थेट त्यांनाच धरतं. दुसऱ्या प्रकारात त्यांवर गिलावा येतो. म्हणजे जोड दोन झाले, हाड आणि थर यांचा एक, थर आणि धातू यांचा दुसरा. पहिला उत्तम जुळतो. कमकुवत असतो तो दुसरा, कारण तिथली पकड मुख्यतः यांत्रिक असते. थर फार जाड झाला तर तडकतो. शिवाय झटकन थंड झाल्यामुळे त्याचा काही भाग स्फटिकरूप होत नाही, आणि तो भाग शरीरात लवकर विरघळतो. थर विरघळणं हा आपोआप दोष ठरत नाही. तोवर हाड खालच्या धातूपर्यंत पोचलं पाहिजे, इतकंच.

मोडलेलं हाड जोडायच्या टायटॅनियमच्या पट्ट्यांचे निळे-सोनेरी रंग हा तिसराच प्रकार. अ‍ॅनोडायझिंगने म्हणजे द्रावणात वीज सोडून ऑक्साइड जाड होतो आणि प्रकाशामुळे रंगीत दिसतो, त्यात रंगद्रव्य नसतं.

दातासाठी मी डोळे मिटून एसएलए निवडेन. सिमेंटशिवायच्या खुब्यासाठी हायड्रॉक्सिअ‍ॅपेटाइटचा थर मला पटतो, पण त्याखालचा धातू खडबडीत किंवा सच्छिद्र असेल तरच. थर किती मायक्रॉनचा आहे हे विक्रेता न विचारता सांगतो. थराखाली काय आहे हे त्याला विचारून घ्यावं लागतं.