शोस्ताकोविच यांचा पहिला चेलो कॉन्चेर्टो : न मागता मिळालेली रचना

चेलो या व्हायोलिनच्या कुळातल्या मोठ्या वाद्यासाठी काही लिहा, असं चेलोवादक म्स्तिस्लाव रोस्त्रोपोविच यांनी सोव्हिएत संगीतकार दिमित्री शोस्ताकोविच यांना कधीच म्हटलं नाही. रचना हवी असेल तर त्यांच्यापुढे तिच्याबद्दल ब्रही काढू नकोस, असं शोस्ताकोविच यांच्या पत्नी नीना यांनीच बजावलं होतं. रोस्त्रोपोविच मॉस्को कॉन्झर्व्हेटरी या संगीत महाविद्यालयातले शोस्ताकोविच यांचे विद्यार्थी. ते वर्षानुवर्षं गप्प राहिले.

गप्प राहण्याचाच तो काळ होता. १९४८ च्या फेब्रुवारीत कम्युनिस्ट पक्षाच्या ठरावानं शोस्ताकोविच, प्रोकोफिएव अशा संगीतकारांवर ‘फॉर्मलिस्ट’, म्हणजे लोकांपेक्षा रचनेच्या घाटालाच महत्त्व देणारे, असा शिक्का मारला. शोस्ताकोविच यांच्या मॉस्को आणि लेनिनग्राडमधल्या प्राध्यापकीच्या नोकऱ्या गेल्या. नुकताच लिहून झालेला व्हायोलिन कॉन्चेर्टो (एकल वाद्य आणि वाद्यवृंद यांच्यासाठीची रचना) त्यांनी कपाटात ठेवून दिला, तो वाजला १९५५ मध्ये, म्हणजे स्टालिन जाऊन दोन वर्षं झाल्यावर.

दरम्यान प्रोकोफिएव यांनी १९३८ मध्ये पडलेला आपला चेलो कॉन्चेर्टो रोस्त्रोपोविच यांना सोबत घेऊन जवळजवळ नव्यानं लिहिला. १९५२ मध्ये मॉस्कोत तो वाजला. शोस्ताकोविच त्यानं भारावले आणि चेलोकडे वळण्याची ओढ आपल्याला तिथून लागली, हे त्यांनी मोकळेपणानं सांगितलं.

१९५९ च्या उन्हाळ्यात अखेर रचना झाली. ऑगस्टमध्ये हाती आलेली स्वरलिपी रोस्त्रोपोविच यांनी चार दिवसांत पाठ केली आणि लेनिनग्राडजवळच्या कोमारोवोतल्या घरी जाऊन शोस्ताकोविच यांना ती न बघता वाजवून दाखवली. ४ ऑक्टोबरला लेनिनग्राडमध्ये म्राविन्स्की यांच्या संचालनाखाली पहिला प्रयोग झाला.

वाद्यवृंदात ट्रम्पेट नाही, ट्रॉम्बोन नाही. पितळी वाद्यांपैकी फक्त एक हॉर्न, आणि चेलोला तो सतत अडवत, उत्तर देत राहतो. सुरुवातीलाच चेलो चार स्वरांचा एक तुकडा धरतो आणि सोडतच नाही. दुसऱ्या भागाच्या शेवटी तारेला नुसता स्पर्श करून काढलेले विरळ स्वर आणि त्यांना सेलेस्टा या घंटीसारख्या आवाजाच्या कळवाद्याचं काचेसारखं उत्तर ऐकू येतं. मला सगळ्यात जवळची जागा हीच. तिसऱ्या भागात चेलो संपूर्ण एकटा असतो.

शेवटच्या भागात ‘सुलिको’ या स्टालिनच्या लाडक्या जॉर्जियन गाण्याचा तुकडा दडला आहे, तोही इतका मोडूनतोडून की रोस्त्रोपोविच यांच्याही तो लक्षात आला नव्हता. शोस्ताकोविच यांनी गुणगुणून दाखवला तेव्हा कुठे उलगडा झाला. हीच चाल त्यांच्या ‘रायोक’ या १९४८ च्या ठरावावरच्या विडंबनातही आहे आणि तिथे ती उघडउघड वाजते. पण ‘रायोक’ त्यांच्या हयातीत जाहीरपणे झालंच नाही. ते झालं १९८९ च्या जानेवारीत, वॉशिंग्टनमध्ये. संचालक होते रोस्त्रोपोविच.