‘व्हेंटिलेटरवर टाकलं’ : एका धास्तीची पार्श्वभूमी

“आयसीयूत ठेवलंय” हे आपण फोनवर सांगून टाकतो. “व्हेंटिलेटरवर टाकलं” म्हणताना मात्र आवाज खाली जातो आणि पलीकडचाही पुढचं विचारत नाही. मुंबईत ही धास्ती करोनाच्या दोन लाटांत घट्ट बसली. ती निराधार नव्हती, पण तिच्यामागचे आकडे बहुतेकांनी अर्धेच ऐकले होते.

मुळात अतिदक्षता विभाग जन्माला आला तोच विषाणूच्या साथीतून. १९१८च्या जूनमध्ये मुंबईत सात पोलीस शिपाई तापाने पोलीस रुग्णालयात दाखल झाले, त्यांतला एक गोदीवर पहाऱ्याला होता. इन्फ्लुएन्झाच्या या साथीत ६ ऑक्टोबरला शहरात एका दिवसात ७६८ मृत्यूंची नोंद झाली. धाप लागलेल्या रोग्यासाठी डॉक्टरांच्या हातात तेव्हा जवळपास काहीच नव्हतं. ते आलं १९५२मध्ये, कोपनहेगनला. पोलिओने श्वासाचे स्नायू लुळे पडलेल्या पहिल्या ३१ रुग्णांपैकी २७ दगावले. मग ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने गळ्याला छेद देऊन नळी घालायची आणि रबरी पिशवी हाताने दाबत राहायची, असा मार्ग काढला. सुमारे १५०० विद्यार्थी पाळ्या लावून, रात्रंदिवस पिशव्या दाबत बसले. मृत्यूंचं प्रमाण निम्म्याच्या आसपास उतरलं. अशा रुग्णांसाठी वेगळा विभाग पुढच्याच वर्षी सुरू झाला. आपल्याकडे जे. जे.मध्ये डॉ. फारोख उदवाडियांनी धनुर्वाताच्या रोग्यांवर हीच चिकाटी दाखवली. तो आजार जिवाणूचा, पण धडा तोच : शरीर सावरेपर्यंत श्वास सांभाळा.

पोलिओत फुफ्फुस धड असतं, स्नायू निकामी होतात. फ्लू किंवा करोनात फुफ्फुसच पाण्याने भरतं. १९६७ साली अशा १२ रुग्णांचं वर्णन प्रसिद्ध झालं, त्यातले सात वाचले नव्हते. पुढची तीसेक वर्षं या आजारी फुफ्फुसांत मशीनने भरपूर हवा भरली जात होती आणि त्या दाबानेच ती आणखी फाटत होती! २०००मध्ये ८६१ रुग्णांवरच्या चाचणीत हवेचं माप निम्मं केलं, तर मृत्यू ३९.८ टक्क्यांवरून ३१वर आले. २०१३मध्ये फ्रान्समधल्या चाचणीत दिसलं की, गंभीर रुग्णाला दिवसातून सोळा तास पालथं झोपवलं तर २८ दिवसांतले मृत्यू ३२.८ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर येतात. करोनात घरोघरी “पालथे झोपा” असं सांगितलं जात होतं, त्याची मुळं इथे आहेत.

धोका कोणाला, याचं उत्तर मात्र दर साथीत बदललं. २००९च्या ऑगस्टमध्ये स्वाइन फ्लूच्या तपासणीसाठी कस्तुरबा रुग्णालयापुढे रांगा लागल्या, शाळा-सिनेमागृहं बंद झाली. एरवी फ्लू म्हाताऱ्यांना नेतो; या वेळी तरुण, गरोदर आणि लठ्ठ माणसं अतिदक्षता विभागात पोचत होती. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या आयसीयूंतल्या ७२२ रुग्णांत ६६ गरोदर बायका होत्या.

२०२०मध्ये पारडं पुन्हा वयाकडे झुकलं. इटलीतल्या लोम्बार्डीच्या आयसीयूंतल्या १५९१ रुग्णांत ८२ टक्के पुरुष, मध्यक वय ६३. त्याच वर्षी एप्रिलमध्ये न्यूयॉर्कहून ‘व्हेंटिलेटरवरचे ८८ टक्के मेले’ हा आकडा निघाला आणि जगभर फिरला. तो नीट वाचायला हवा होता. व्हेंटिलेटर लागलेले ११५१. त्यांतले २८२ दगावले, ३८ घरी गेले आणि ८३१ अजून खाटेवरच होते. निकाल लागलेल्या ३२० जणांपुरता हिशेब केला, म्हणून ८८. मृत्यू लवकर येतो, बरं व्हायला आठवडे लागतात; साथीच्या सुरुवातीचा कुठलाही आकडा म्हणूनच भीषण दिसतो. माझ्या मते त्या एका आकड्याने जितकी माणसं घाबरवली, तितकी रोजच्या मृत्यूंच्या बातम्यांनीही घाबरवली नसतील.

जूनमध्ये डेक्सामेथासोनचा निकाल आला. हे जुनं, स्वस्त स्टिरॉइड. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांतले मृत्यू ४१.४वरून २९.३ टक्क्यांवर आले. ऑक्सिजन न लागणाऱ्यांना मात्र काहीच फायदा दिसला नाही. हे दुसरं वाक्य आपल्याकडे कोणी फारसं ऐकलं नाही. खोकला आला की ही गोळी सुरू, तिने वाढणारी शुगर कोणी बघत नाही. २०२१मध्ये मधुमेही रुग्णांत काळ्या बुरशीचा कहर झाला, त्यामागे हेही एक कारण होतं.

तब्येतीच्या कुठल्याच यादीत न येणारा एक धोका मुंबईने जवळून पाहिला : खाट मिळेपर्यंतचा वेळ. रुग्ण बोलतोय, चहा पितोय आणि ऑक्सिजन ८०वर आलेला. दम लागत नाही म्हणून घरचे थांबलेले. त्यात कोणत्या रुग्णालयात जागा आहे हे शोधण्यात रात्र जायची. पालिकेने चोवीस वॉर्डांत वॉर रूम उघडल्या, खाटांचं वाटप तिथून होऊ लागलं, तेव्हा ही वणवण थोडी आटोक्यात आली. पण खाट मिळाली तरी तिच्याशेजारी किती परिचारिका उभ्या राहणार, हा प्रश्न तिथून सुटणारा नव्हता. कोपनहेगनला तो १५०० विद्यार्थ्यांनी सोडवला होता.